लीलाताईंनी न पाहिलेली दिल्ली

लीलाताई गेल्याची बातमी मला आमच्या कंपनीतल्या जुन्या लाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळची वेळ होती. मी खुटबावच्या घरी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. ‘आपल्या लीला मॅडम आपल्यात नाहीत’ असं कुणीतरी टाकलं होतं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ती रांग संपायच्या आत एकीनं साड्यांच्या सेलची जाहिरात टाकली, दुसरीनं तिला अंगठा दाखवला, मग पुन्हा जोडलेले हात... मी फोन पालथा ठेवला आणि आत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या खाटेवर बसून चहात खारी बुडवत होत्या. “कोन लीला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिल्लीला आपल्याबरोबर होत्या त्या. खारीचा बुडवलेला तुकडा चहात पडून विरघळून गेला. मग म्हणाल्या, “चांगली व्हती बाई. तिच्या मानानं.”

तिच्या मानानं! या दोन शब्दांची जी शिसारी मला आली, ती महिना उलटला तरी गेलेली नाही. पण ती शिसारी एकट्या सासूबाईंची असती तर मी हे लिहायला बसले नसते. माणूस गेलं की चार गोड आठवणी लिहाव्यात, असा रिवाज आहे. लीलाताईंबद्दल तशा आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्या लिहून मी मोकळी झाले असते, तर मला माझीच शिसारी आली असती.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी रांजणगावच्या एका बिस्किटाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. नवरा शेजारच्याच दुसऱ्या कंपनीत होता, म्हणून आम्ही कारेगावात खोली घेऊन राहिलो. लीलाताई आमच्या पॅकिंगच्या पट्ट्याच्या शेवटी, क्वालिटीला. फुटकं बिस्किट, पाकिटाला पडलेली चुणी, शिक्क्याची पुसट शाई, काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. दोन बोटांत पाकीट उचलायचं, “शी” म्हणायचं आणि लाल क्रेटमध्ये टाकायचं. हे “शी” फक्त पाकिटांपुरतं नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये बसायच्या आधी त्या सीट ओल्या फडक्यानं पुसत. एसटी स्टँडच्या बाकड्यावर त्या कधी बसल्या नाहीत, तासभर गाडी आली नाही तरी उभ्या राहत. कँटीनमध्ये कुणी मचमच करत जेवायला लागलं की ताट उचलून दुसऱ्या टेबलावर. पर्समध्ये स्वतःचा स्टीलचा ग्लास कायम. आम्ही बायका त्यांची नक्कल करायचो. मॅडमला देवानं नाक जरा मोठंच दिलंय, असं त्यांच्या मागं म्हणायचो आणि हसायचो. त्यांना ते माहीत होतं. तरीही मला काम शिकवलं ते त्यांनीच, आणि पहिल्या बाळंतपणानंतर माझ्या वाटणीची अवघड शिफ्ट सहा महिने केली ती पण त्यांनीच.

त्या मूळच्या शिरूरच्या, ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत शिपाई होते. नवरा लवकर गेला, एक मुलगी, रूथ. आजोबांनी धर्म बदलला होता, पण गावांनी त्यांची जुनी जात जपून ठेवली होती. आमच्या घरात तर ती फारच जपून ठेवलेली होती. थंडीत सासूबाई खुटबावहून कारेगावला आमच्याकडे राहायला येत. लीलाताई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी मला आत बोलावून खिडकीच्या कट्ट्यावरचा कान तुटलेला कप दाखवला. “तिला ह्यात दे.” मी दिला. नंतर तो वेगळा धुतला आणि परत कट्ट्यावर ठेवला. बी.ए. झालेली मी! लीलाताई त्या कपातला चहा प्यायल्या आणि कप स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला. पुढच्या वेळी आल्या त्या बसायच्या आधीच पर्समधून स्वतःचा ग्लास काढून. “मला दुसऱ्याच्या भांड्यात जात न्हाई बाई,” असं हसून म्हणाल्या. सासूबाईंनाही बरं वाटलं. आणि मी? मी कितीतरी वर्षं खरंच समजत होते, की हा त्यांचा चोखंदळपणा आहे.

दिल्लीची सहल करोनाच्या आधीच्या वर्षीची. आमच्या लाइनवरच्या बायकांनी ठरवली आणि दौंडच्या एका टूरवाल्याकडून बुकिंग केलं. आम्ही अकराजणी. दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लाल किल्ला बघून बघून सासूबाईंनी हट्ट धरला, की मरायच्या आत मला तो किल्ला डोळ्यांनी बघायचाय. म्हणून त्या बारा नंबरच्या. लीलाताई सहसा सहलींना येत नसत, सगळीकडच्या मोऱ्यांची त्यांना धास्ती. पण दिल्लीचं नाव काढल्यावर त्याच सगळ्यात आधी तयार झाल्या. शाळेत इतिहासाच्या बाईंनी शहाजहानची दिल्ली शिकवली होती म्हणे, फळ्यावर खडूनं किल्ल्याचा नकाशा काढून. तो नकाशा त्यांना अजून पाठ होता. दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्यांनी माझ्या तळहातावर बोटानं तो काढून दाखवला. इथून लाहोरी दरवाजा, मग छताखालचा बाजार, मग दिवाण-ए-आम... चाळिशी ओलांडलेली बाई शाळेतल्या पोरीसारखी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. स्टेशनजवळच्या एका लॉजवर तिसऱ्या मजल्यावर चार चार जणींना एक खोली. संध्याकाळी चांदणी चौकात नेलं. तिथं सासूबाईंनी दहीभल्ले खाल्ले, वर कुल्फी खाल्ली, आणि कुणाचंही ऐकलं नाही. लीलाताईंनी गाड्याच्या पाण्याच्या बादलीकडं बघून तोंड फिरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “लई नखरे बाबा हिचे.”

पहाटे उजाडता उजाडता मला वासानं जाग आली. सासूबाई अंथरुणातच होत्या. त्यांना उठताही आलं नव्हतं. गादी, चादर, लुगडं, फरशी... सगळं भरलं होतं. खोलीतल्या दुसऱ्या दोघी पदर नाकाला लावून आधीच बाहेर गेल्या होत्या. मी बादली आणली. खाली वाकले आणि मलाच उलटी झाली. पुन्हा वाकले, पुन्हा तेच. आजारी माणसाची सेवा, सुनेचं कर्तव्य, सगळं मला माहीत होतं. पण माझा हात पुढं जाईना. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. खाली बस लागली होती, आठला निघायचं होतं. बाहेर व्हरांड्यात बायकांचं चाललं होतं, की हिच्यापायी सगळ्यांचा दिवस जायचा, म्हातारीला आणायलाच नको होतं.

तेवढ्यात लीलाताई दारात आल्या. अंघोळ करून, इस्त्रीची फिकट निळी साडी नेसून, किल्ल्याला जायला तयार झालेल्या. त्यांनी खोलीत पाहिलं. मला वाटलं आता त्या “शी” म्हणणार. त्यांनी निऱ्या वर खोचल्या, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि माझ्या हातातली बादली घेतली.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, “हिला नको... दुसरं कुनी न्हाई का?”

हे त्या हळू म्हणाल्या, पण खोली लहान होती. लीलाताईंनी ऐकलं. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, “सुनंदा, तू जा. तुझ्यानं व्हायचं न्हाई. बस सुटंल.”

मी गेले. मी राहते असं एकदा म्हणाले. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणाले नाही, कारण त्या कदाचित ‘बरं, राहा’ म्हणतील अशी मला भीती वाटली. जिना उतरताना माझ्या पर्समध्ये त्यांच्या बांगड्या वाजत होत्या.

तर लाल किल्ला मी पाहिला. त्याचं वर्णन करायला लोक मला अजून सांगतात. बाहेरून ती लाल भिंत बघितली की छाती दडपते, हे खरं. आत गेल्यावर मात्र मला जिकडं तिकडं घाणच दिसायला लागली. संगमरवराच्या नक्षीत कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरून आत दोन नावं घातलेली. कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. महालांच्या मधून वाहणारा पाण्याचा पाट कोरडा पडलेला आणि त्यात बिस्किटाचं एक रिकामं पाकीट. आमच्याच कंपनीचं. कदाचित लीलाताईंनीच पास केलेलं. गाईड सांगत होता, की या पाटाला स्वर्गातली नदी म्हणत. आमच्यातल्या बायका बादशहाच्या बैठकीपुढं एकेक करून फोटो काढत होत्या. मीही काढला. दुपारी आम्ही छोले-भटुरे खाल्ले. सकाळी ओकलेली मी दोन प्लेटी खाल्ल्या. मग कुतुबमिनार, मग इंडिया गेट. कुतुबमिनारपाशी कुणीतरी सासूबाईंवरून विनोद केला, म्हातारीनं बादशाही पाट वाहवला म्हणून. सगळ्या हसल्या. माझं हसू त्या सगळ्यांत मोठं होतं. आपण त्यांच्यातल्याच आहोत हे दाखवायला माणूस किती मोठ्यानं हसतो, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

संध्याकाळी परत आलो तर खोलीला फिनाइलचा वास होता. गच्चीवर चादर, लुगडं, गादीची खोळ वाळत होती. सासूबाई अंघोळ घातलेल्या, डोक्याला तेल लावलेलं, वेणी घातलेली, शांत झोपल्या होत्या. लीलाताईंनी त्यांना दोन जिने धरून उतरवलं होतं, कारण लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंतच चालत होती, आणि रिक्षातून दवाखान्यात नेऊन सलाइन लावून आणलं होतं. लॉजच्या मॅनेजरनं पेशंटला बाहेर न्या म्हणून कटकट केली, तेव्हा आपल्या मोडक्या हिंदीत त्याच्याशी भांडल्या होत्या. त्याच्याच स्वयंपाक्याकडून मऊ खिचडी करून घेतली होती. हे सगळं मला तिथं झाडलोट करणाऱ्या बाईकडून कळलं. लीलाताई जिन्याच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. निळ्या साडीचा काठ अजून ओला होता.

मी बांगड्या दिल्या. त्या घालता घालता त्यांनी विचारलं, “किल्ला कसा हाय?”

मी सांगायला लागले. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या. बाजार खरंच छताखाली आहे का? दिवाण-ए-आम दरवाजातून सरळ दिसतो का? मी सांगत गेले, फोनमधले फोटो दाखवत गेले. घाणीचं सांगितलं नाही. सगळं बघून झाल्यावर मी कसंबसं विचारलं, की ताई, तुम्हाला किळस नाही आली?

“आली की. दोनदा बाहेर जाऊन ओकले.”

“मग?”

“मग काय? परत आत गेले.” साडीचा ओला काठ पिळत त्या म्हणाल्या, “ती घाण पाण्यानं जाती गं. दुसरं जे हाय, ते कशानं धुवायचं ते सांग.”

दुसऱ्या दिवशी आग्रा होतं. सासूबाईंचं पोट थांबलं होतं, पण उठवत नव्हतं. लीलाताई म्हणाल्या, मी बसते, तुम्ही जाऊन या. आणि मी आग्र्यालाही गेले. हे वाक्य लिहून मी तीनदा खोडलं, पण ते खरं आहे. लीलाताईंनी चार दिवसांत दिल्ली पाहिली ती लॉजच्या गच्चीवरून आणि दवाखान्याच्या रिक्षातून.

परतीच्या गाडीत, नगर मागं पडल्यावर, सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. लीलाताई समोरच्या बाजूला खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की नाही कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, “घरी सांगू नगंस. गावात तर न्हाईच न्हाई.”

“काय सांगू नको?”

“मला कुनी धुतलं त्ये. तूच केलंस म्हन. सून हायस माझी.”

मला वाटतं, मी त्या क्षणी नाही म्हणायला हवं होतं. मोठ्यानं, डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. घरी पोचल्यावर सासूबाईंनी आधी अंगावरनं पाणी घेतलं, बरोबरचे सगळे कपडे पुन्हा धुवायला काढले, लीलाताईंनी स्वच्छ धुऊन घडी घातलेले सुद्धा. मग खुटबावला गेल्यावर त्यांनी आपणहूनच गोष्ट सांगायला सुरुवात केली. परमुलखात सुनेनं कसं लेकीसारखं केलं, कशी वास-घाण बघितली नाही, किल्ला बघायला गेली नाही. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ती खरी वाटायला लागली असावी. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढच्या महिला दिनाला गावातल्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि माइकवरून माझ्या सेवेचं वर्णन. मी ती शाल घेतली, हात जोडले, फोटोला उभी राहिले.

तो फोटो फिरत फिरत आमच्या लाइनच्या ग्रुपवर आला. त्या ग्रुपवर दिल्लीला आलेल्या बाकीच्या दहाही जणी होत्या आणि दहाही जणींना काय झालं होतं ते माहीत होतं. लीलाताई सोडून सगळ्यांनी अभिनंदन टाकलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर लीलाताई माझ्याजवळ आल्या. “शाल चांगली हाय,” म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याशी त्यांनी बोलणं तोडलं नाही, कामात फरक केला नाही. आमच्या घरी मात्र परत कधी आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही.

पुढं आम्ही खोली सोडून खुटबावला आलो आणि भेटी कमी झाल्या. शेवटची भेट शिरूरच्या स्टँडवर. त्या उभ्याच होत्या, बाकडं रिकामं असून. धाप लागत होती. मी म्हटलं, ताई, बसा. तर नाक मुरडून हसल्या. महिन्याभरात हृदयाच्या झटक्यानं गेल्या.

शिरूरला मातीला गेले तेव्हा आमच्या लाइनवरच्या चौघी होत्या. फादरांनी प्रार्थना म्हटली, मग कुणीतरी दोन शब्द बोला म्हणाले. लॉजच्या खोलीतून पदर नाकाला लावून पळालेल्या दोघींतली एक पुढं झाली आणि लीला मॅडम आमच्यात किती मिळून मिसळून राहायच्या, जातपात कशी कधी मध्ये आली नाही, असं रडत रडत बोलली. मला वाटलं पुढं होऊन तिला थांबवावं. पण कोणत्या तोंडानं? तिनं निदान शाल तरी घेतली नव्हती.

तीन आठवड्यांनी मी कारेगावला रूथला भेटायला गेले. ती आता एका गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे, आईच्याच दोन खोल्यांत एकटी राहते. मला बघून तिला फार बरं वाटलं. जवळ बसली, माझा हात हातात घेतला. बोलता बोलता दिल्लीवर आली. आई दिल्लीचं किती सांगायची, म्हणाली. छताखालच्या बाजाराचं, न गंजणाऱ्या लोखंडी खांबाचं. आणि किल्ल्याच्या दारात बंदूकवाल्या शिपायाच्या बुटाला टेकून एक पांढरं मांजर झोपलं होतं, त्याचं तर शंभरदा.

ते मांजर मी पाहिलं होतं. मी एकटीनं. त्या संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर मीच त्यांना सांगितलं होतं. माझेच शब्द, माझ्याच क्रमानं, त्या मुलीच्या तोंडून माझ्यासमोर येत होते. एवढी वर्षं लीलाताईंनी सासूबाईंची अब्रू झाकली होती, माझी झाकली होती, आणि लेकीला मात्र आपण दिल्ली पाहिल्याचं सुख दिलं होतं.

रूथ म्हणाली, “मावशी, तुम्ही होता ना बरोबर? फोटोत आई कुठंच कशी न्हाई? विचारलं की म्हणायची, फोटो मीच काढत होते.”

मी तिला सगळं सांगितलं. खोली, बादली, सासूबाई काय म्हणाल्या ते, कट्ट्यावरचा कप, आग्रा, गाडीतलं बोलणं, सत्कार. काही वगळलं नाही. गावात हे कळलं तर घरात काय होईल याचा विचार तेव्हा मनात आला नाही, आता छापायला देतानाही करत नाही. माझं सांगून संपलं. मग तिनं माझ्या हातातला आपला हात सावकाश काढून घेतला.

ती उठून मोरीपाशी गेली. नळ सोडला. साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मग पुन्हा साबण लावला. पट्ट्यावर जायच्या आधी लीलाताई असेच हात धुवायच्या, आणि दारात उभ्या राहून आम्हा सगळ्यांना तसेच धुवायला लावायच्या. पाठमोरी रूथ अगदी त्यांच्यासारखी दिसत होती. तिनं हात पुसले आणि माझ्याकडं न वळता म्हणाली, “मावशी, तुम्ही निघा आता.”

मी चपला घातल्या. जिना उतरून खाली आले, तेव्हा वर पुन्हा नळ सुरू झाल्याचा आवाज आला.